बिलावर ‘भंगार’, कोटेशनवर ‘कार्गो वर्दी’: जुन्या कंटेनरच्या व्यवहारात फसलो, आता काय?

प्रश्न : जुन्नर तालुक्यात माझी साडेचार एकर शेती आहे. उरणजवळच्या एका यार्डातून मी दोन जुने चाळीस फुटी हाय क्यूब (जास्त उंचीचे) कंटेनर घेतले. व्हॉट्सअॅपवरच्या कोटेशनमध्ये ‘२०१४ मॉडेल, कार्गो वर्दी, प्रत्येकी ₹१,९०,०००’ असं होतं (कार्गो वर्दी, म्हणजे ‘कार्गो-वर्दी’, माल वाहण्याच्या लायकीचा). ₹३,८०,००० बँकेतून भरले, ट्रेलर-क्रेनचे ₹३८,००० वेगळे. यार्डात गेलो तेव्हा कंटेनर दुसऱ्या थरावर रचलेले होते, त्यामुळे फक्त बाहेरून पाहिले. एकात अवजारं, ठिबकच्या नळ्या आणि क्रेट ठेवायचे आहेत. दुसऱ्यात पर्यटकांसाठी दोन खोल्या करायच्या म्हणून फॅब्रिकेटरने खिडक्या कापल्या आहेत. पहिल्याचं छत गळतं, दारं लागत नाहीत, खालच्या आडव्या पट्ट्या गंजून भोकं पडली आहेत. त्याच्या माहितीच्या धातूच्या प्लेटवर उत्पादन ०४/२००६ आहे आणि दारावरचा नंबर प्लेटशी जुळत नाही. दुसऱ्याला प्लेटच नाही, फळ्यांना उग्र वास येतो. बिल ‘एम.एस. स्क्रॅप, एचएसएन (जीएसटीचा माल-कोड) ७२०४, २ नग’ असं आहे. खाली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही, न्यायक्षेत्र पनवेल’ छापलंय. विक्रेता म्हणतो, भंगार घेतलंत, भंगार मिळालं. माल येऊन १९ दिवस झाले. ग्राम महसूल अधिकारीही परवानगीचं विचारून गेले. पैसे परत मिळतील का?

उत्तर : सगळ्यात आधी ग्राइंडर बंद करा. पहिल्या कंटेनरला एक भोकही पाडू नका, रंगही लावू नका. तुमच्या दोन कंटेनरांची कायदेशीर स्थिती आज वेगवेगळी आहे, आणि ती त्या कापलेल्या खिडक्यांमुळे.

माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४२ नुसार खरेदीदाराने माल स्वीकारला असं तीन प्रकारे धरलं जातं : तसं कळवलं तर, मालकच करू शकेल असं काही त्या मालाचं केलं तर, किंवा नाकारत असल्याचं न कळवता वाजवी मुदतीपलीकडे तो ठेवून घेतला तर. पत्रा कापणं दुसऱ्या प्रकारात मोडतं. म्हणजे खिडक्यावाला कंटेनर ‘परत घ्या’ म्हणण्याचा हक्क जवळपास गेला. त्याच्याबाबत नुकसानभरपाई मागता येते (कलम १३ आणि ५९). न कापलेला कंटेनर मात्र अजून नाकारता येतो, फक्त तिसरा प्रकार लागू होण्याआधी लेखी कळवायला हवं. एकोणीस दिवस गेलेत; हे पत्र या आठवड्यात गेलंच पाहिजे.

विक्रेता म्हणेल की व्यवहार एकच होता, एक स्वीकारला म्हणजे दोन्ही स्वीकारले. कलम १३(२) त्याला तसं म्हणायला जागा देतं, पण व्यवहार विभाज्य नसेल तरच. तुमच्या कोटेशनमध्ये ‘प्रत्येकी ₹१,९०,०००’ आहे. तो ‘प्रत्येकी’ शब्द तुमचा आधार, म्हणून कोटेशन असलेली चॅट डिलीट होऊ देऊ नका.

आता ‘भंगार’. बिल म्हणजे संपूर्ण करार नव्हे. करार कोटेशन, चॅट, पैसे आणि माल या सगळ्यांतून दिसतो. कोटेशनमध्ये वर्णन देऊन विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे, हे कलम १५. आणि तुमचं बिलच विक्रेत्याच्या विरोधात बोलतं. भंगार किलोवर विकतात. तुमच्या बिलावर वजन नाही, ‘२ नग’ आहे. चाळीस फुटी हाय क्यूबचं रिकामं वजन साधारण ३,९०० किलो. दोन्ही मिळून ७,८०० किलो धरले तर तुम्ही किलोमागे ₹४८ हून जास्त मोजलेत. त्याच आठवड्यातला लोखंडी भंगाराचा भाव दाखवणारं एखाद्या भंगारवाल्याचं बिल मिळवा आणि दोन आकडे शेजारी ठेवा. कंटेनर म्हणून विकला असता तर एचएसएन ८६०९ यायला हवा होता. ७२०४ हा लोखंडी भंगाराचा कोड. चुकीचा कोड का टाकला, याचं उत्तर विक्रेत्याने द्यायचं आहे.

‘कार्गो वर्दी’ हा शब्द उगाच मोठेपणाचा नाही, त्याला ठरलेला अर्थ आहे. असा कंटेनर माल भरून जहाजावर चढवण्याच्या लायकीचा असतो, आणि त्यासाठी १९७२ च्या कंटेनर सुरक्षा कराराखालची वैध प्लेट (सीएससी प्लेट) लागते. नव्या कंटेनरची पहिली तपासणी पाच वर्षांच्या आत, पुढे दर तीस महिन्यांनी. किंवा मालक कंपनीची मान्यताप्राप्त सततची तपासणी योजना असते आणि प्लेटवर ‘एसीईपी’ अशी खूण असते. प्लेटच नसलेला कंटेनर कार्गो वर्दी असू शकत नाही. खालच्या पायरीला ‘विंड अँड वॉटर टाइट’ म्हणतात : जहाजावर चालणार नाही, पण वारा-पाणी आत येणार नाही. शेतावरच्या साठवणीला तेवढं पुरतं, आणि ते स्वस्तही पडतं. तुमचा पहिला कंटेनर या पायरीलाही उतरत नाही, कारण छतच गळतं. शिवाय २०१४ सांगून २००६ चा दिला, आठ वर्षांचा फरक. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १९ खाली अशा खोट्या सांगण्यावर केलेला करार रद्द करता येतो.

विक्रेत्याचा पुढचा बचाव : ‘साहेब, यार्डात बघून घेतलंत.’ माल विक्री अधिनियमाचं कलम १६(२) म्हणतं, खरेदीदाराने माल तपासला असेल तर त्या तपासणीत दिसायलाच हवे होते अशा दोषांबद्दल तक्रार करता येत नाही. बाहेरचे पोचे, दारावरचा गंज यांत मोडतात. ते दावे सोडून द्या. दुसऱ्या थरावरच्या कंटेनरच्या खालच्या पट्ट्या आणि आतून छत दिसणं शक्यच नव्हतं, त्यामुळे गळती आणि तळाचा गंज टिकतो. वासही टिकतो, कारण दारं उघडून आत शिरल्याशिवाय तो कळत नाही.

दारांबाबत मात्र थांबा. कंटेनरचा सगळा भार चार कोपऱ्यांच्या खांबांवर असतो. तो असमान जमिनीवर ठेवला की सांगाडा पिळतो आणि चांगल्या कंटेनरचीही दारं अडकतात. विक्रेत्याचा वकील हाच मुद्दा पहिल्या दिवशी काढेल. म्हणून तक्रारीआधी चारही कोपऱ्यांखाली काँक्रीटचे ब्लॉक द्या, हायड्रॉलिक जॅकने उचलून लोखंडी चकत्या सारा, पाण्याच्या नळीने लेव्हल मिळवा. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. पातळी बरोबर झाल्यावर कर्ण जुळले आणि दारं लागली, तर दारांचा मुद्दा नोटिशीतून काढून टाका. एक पोकळ आरोप बाकी खऱ्या आरोपांना खातो. तरीही कर्णांत फरक राहिला, तर सांगाडा आधीच वाकलेला होता, आणि हा तुमचा मोठा पुरावा.

मग गळतीची चाचणी. दिवसा आत जाऊन दारं लावून घ्या (बाहेर माणूस उभा ठेवा, आतून उघडत नाहीत) आणि उजेडाचे ठिपके शोधा. नंतर छतावर पाइपने दहा मिनिटं पाणी मारून आतून व्हिडिओ घ्या. तळाचे फोटो काढताना टॉर्च आणि मोजपट्टी फ्रेममध्ये असू द्या. हे काम स्वतंत्र मरीन सर्व्हेअरकडून (जहाज-कंटेनर तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून) करून घेतलं तर उत्तम. फोटो, व्हिडिओ आणि चॅट ज्या फोनवर आहेत तो विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागेल. त्याचे दोन भाग असतात, एक तुमचा आणि एक तज्ज्ञाचा.

नंबरांचं प्रकरण गळतीपेक्षा गंभीर आहे. कंटेनरचा नंबर अकरा चिन्हांचा असतो : मालकाची तीन अक्षरं, चौथं बहुधा ‘यू’, सहा अंक आणि शेवटी पडताळणीचा अंक. ए = १०, बी = १२ असं मोजत अक्षरांना किंमत द्यायची, ११ च्या पटीतले आकडे गाळायचे. पहिल्या चिन्हाला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ४, असं दुपटीने दहाव्या चिन्हाला ५१२ पर्यंत गुणायचं. बेरजेला ११ ने भागून उरलेली बाकी म्हणजे अकरावा अंक. बाकी १० आली तर ०. पुस्तकी उदाहरण ‘सीएसक्यूयू ३०५४३८’ : बेरीज ६,१८५, बाकी ३, म्हणून शेवटी ३. तुम्ही प्रश्नासोबत पाठवलेल्या फोटोतल्या दारावरच्या नंबराला हे लावलं तर बाकी ५ येते, रंगवलेला अंक ८ आहे. रंगाऱ्याची चूक असू शकते. जहाज कंपन्या कंटेनर विकताना आपली नाव-खूण पुसायला लावतात, त्यामुळे पुसलेला नंबर गुन्हा नव्हे. पण भलताच नंबर रंगवलेला असणं वेगळं.

याचं महत्त्व सीमाशुल्कामुळे. परदेशी कंटेनर भारतात बहुतेक वेळा शुल्क न भरताच येतात. सीमाशुल्काच्या सूट अधिसूचनेखाली सहा महिन्यांत परत पाठवण्याच्या बंधपत्रावर त्यांना सूट मिळते, मुदत वाढवूनही मिळते. असा कंटेनर शुल्क न भरता इथेच विकला तर सूटीची अट मोडते, आणि सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १११(ओ) खाली तो जप्तीला पात्र ठरतो, कोणाच्याही शेतात उभा असला तरी. तुम्हाला माहीत नसताना घेतला असेल तर कलम ११२(बी) चा दंड सहसा लागत नाही, आणि कलम १२५ खाली वेगळा सोडवणूक-दंड व शुल्क भरून कंटेनर सोडवण्याचा पर्याय मिळू शकतो. पण तो खर्च आज तुमच्या हिशेबात नाही.

म्हणून विक्रेत्याकडे लेखी मागा : देशांतर्गत वापरासाठीच्या बिल ऑफ एंट्रीची (आयात मालाच्या सीमाशुल्क नोंदीची) प्रत, तिच्या सोबतची कंटेनर नंबरांची यादी, शुल्काचं चलन आणि विक्रेत्याचं स्वतःचं खरेदी बिल. बिल ऑफ एंट्रीचा नंबर, तारीख आणि बंदराचा कोड (न्हावा शेवासाठी ‘आयएनएनएसए१’) टाकून सीमाशुल्काच्या आइसगेट संकेतस्थळावर तिची स्थिती पाहता येते. सीमाशुल्काच्या लिलावातला माल असेल तर लिलावाची कागदपत्रं, आणि भारतात बनलेला असेल तर उत्पादकाचं बिल. यातलं काहीच आलं नाही, तर माल विक्री अधिनियमाच्या कलम १४ नुसार विकण्याचा हक्क आणि निर्वेध ताबा या दोन्हींचा भंग झाला असं नोटिशीत लिहा. हा मुद्दा कापलेल्या कंटेनरलाही लागू होतो. खिडक्यांनी तो जात नाही.

फळ्यांचा वास : तळाला २८ मिमी प्लायवूड असतो आणि त्याला कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते. ती कोणती, हे प्लेटवरच्या ‘टिंबर कॉम्पोनंट ट्रीटमेंट’ या ओळीत असतं. प्लेट नाही म्हणजे ही माहितीही नाही. पूर्वी रसायनं सांडली असण्याचीही शक्यता आहे. माणसं झोपणार असतील तर प्लाय काढून नवा बसवा, आणि तो खर्च भरपाईत मागा, कोटेशनसह.

नोटीस दोन पानांत बसवा. पहिला कंटेनर मी नाकारत आहे, तो तुमच्या जोखमीवर माझ्या शेतात आहे, १५ दिवसांत घेऊन जा आणि ₹१,९०,००० तसेच त्याच्या वाट्याचा वाहतूक खर्च ₹१९,००० परत करा. माल विक्री अधिनियमाच्या कलम ४३ नुसार तो परत पोचवण्याची जबाबदारी तुमची नाही. दुसऱ्यासाठी भरपाईचा आकडा, आणि दोन्हींची कागदपत्रं. स्पीड पोस्टने पोच घेऊन पाठवा, सोबत ईमेल आणि व्हॉट्सअॅप.

‘माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीला घाबरू नका. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये सदोष माल परत न घेणं, बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांच्या आत, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. तुमचे अकरा दिवस उरलेत. पनवेलच्या ओळीचंही तसंच : कलम ३४(२)(डी) खाली तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे पुणे जिल्हा आयोगात तक्रार करता येते. ₹५ लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं (कलम ६९), तक्रार ऑनलाइन, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती संकेतस्थळावर.

खरी लढत ‘तुम्ही ग्राहक आहात का’ यावर होईल. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा लागत नाही, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेला माल ‘व्यापारी कारणा’तून वगळला आहे. शेतकरी ग्राहक असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या निकालात मान्य केलं आहे. साठवणीचा कंटेनर इथे सहज बसतो. खोल्यांच्या कंटेनरबाबत वाद होईल. खोल्या घरचीच माणसं सांभाळणार असतील तर शपथपत्रात तसं स्पष्ट लिहा. नोकर ठेवून चालवायचा बेत असेल, तर त्या कंटेनरपुरता दिवाणी दावाच बरा.

पोलिसांत जायचं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) (फसवणूक) आहे. पण एवढ्यावर ‘दिवाणी बाब आहे’ असं उत्तर मिळायची शक्यता जास्त. कागदपत्रं मागूनही आली नाहीत आणि नंबर बनावट निघाला, तर मात्र अर्ज द्याच. चोरीचा माल असेल तर आधी तक्रार केलेली असणं तुमच्याच हिताचं.

महसूल अधिकाऱ्यांचं थोडक्यात. अवजारं आणि शेतमाल ठेवायची शेतघर-स्वरूपाची रचना जमीन महसूल संहितेच्या कलम ४१ मध्ये बसते. तसं लेखी उत्तर द्या, आत ठेवलेल्या सामानाचे फोटो जोडा. पर्यटकांच्या खोल्या त्यात येत नाहीत. पाया नाही, क्रेनने हलवता येतो, हा युक्तिवाद चालत नाही, कारण नगररचना अधिनियमाच्या कलम २(७) मध्ये जमिनीच्या वापरातला बदलही ‘विकास’ आहे, आणि कलम ५५ खाली विनापरवाना तात्पुरती रचनाही हटवता येते. प्रादेशिक योजनेतला तुमचा झोन पाहून नगररचना कार्यालयात अर्ज द्या आणि तोवर त्या कंटेनरवर पुढचा खर्च थांबवा.

विक्रेता बदलून देतो म्हणाला, तर नवा कंटेनर जमिनीवर उतरवून, आत उभं राहून, दारं बाहेरून लावून घेऊन बघितल्याशिवाय ट्रेलरवर चढू देऊ नका. आणि नव्या बिलावर ८६०९ सोबत अकराच्या अकरा चिन्हांचा नंबर लिहून घ्या.