पेशी थांबली, पण कुठे?
प्रोपिडियम आयोडाइड या डीएनएला चिकटणाऱ्या रंगाच्या आलेखात जी-१चं (विभाजनचक्रातल्या, डीएनए दुप्पट होण्याआधीच्या टप्प्याचं) शिखर उंच दिसलं, की लगेच ‘पेशी जी-०मध्ये (चक्राबाहेरच्या तात्पुरत्या विश्रांतीत) गेल्या’ असं वहीत लिहू नकोस. तो रंग फक्त डीएनए मोजतो आणि दोन्ही अवस्थांत डीएनए तेवढाच असतो. सोबत केआय-६७ बघ, म्हणजे विभाजनचक्रात असलेल्या पेशींत दिसणारं प्रथिन. विश्रांतीतल्या पेशींत ते जवळजवळ दिसत नाही. पण कायमच्या थांबलेल्या, जरावस्थेतल्या पेशींतही ते नसतं. म्हणून खरी परीक्षा पुढची: पेशी थांबवायला काढलेलं सीरम (रक्तातला, वाढीचे घटक असलेला द्रव) परत घाल आणि ईडीयू दे, म्हणजे नव्या डीएनएत शिरून त्याची खूण दाखवणारं द्रव्य. विश्रांतीतल्या पेशी साधारण दिवसभरात नवा डीएनए बनवू लागतात, जरावस्थेतल्या नाही. आणि हे हेला पेशींवर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या पेशींवर, करू नकोस गं! त्यांतली पी५३ आणि आरबी ही विभाजनाला लगाम घालणारी प्रथिनं एचपीव्ही या विषाणूने निकामी केलेली असतात. सीरम काढलं तरी त्या नीट थांबत नाहीत. त्याऐवजी आरपीई-१ या डोळ्यातल्या दृष्टिपटलामागच्या थरातून आलेल्या पेशी घे.