पहिली साइझिंग डाय कुठली घ्यायची

काडतुसं परत भरायला पहिली साइझिंग डाय, म्हणजे झाडलेली केस (काडतुसाचं पितळी कवच) दाबून पुन्हा मापात आणणारा साचा, कुठली घ्यायची विचारतोयस ना? अरे नेक साइझिंगच्या, म्हणजे केसची नुसती मान दाबण्याच्या, नादाला लागू नकोस, सरळ फुल लेंथ बुशिंग डाय घे, म्हणजे अख्खी केस दाबणारी, आणि मानेसाठी बदलता येणारी कडी (बुशिंग) असलेली. मीपण .३०८ कॅलिबरच्या रायफलला नुसती मानच साइझ करायचो, ब्रास (केसचं पितळ) कमी ताणलं जातं म्हणून, पण चार-पाच फायरिंगनंतर केस चेंबरमध्ये (रायफलमध्ये काडतूस बसतं त्या जागेत) घट्ट व्हायला लागते, बोल्ट बंद करताना जोर लावावा लागतो, रायफल बॅगवर हलते आणि तिथेच ग्रुप (टार्गेटवरचा गोळ्यांचा झुपका) विखुरतो. फुल लेंथने ब्रास खराब होत नाही, फक्त डाय आंधळेपणाने शेलहोल्डरला (केस धरणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत फिरवायची नाही. कॅलिपरला कंपॅरेटर (शोल्डरपर्यंतची लांबी मोजायचं साधन) लावून फायर केलेली केस मोज, साइझ करून परत मोज, शोल्डर (मानेखालचा उतार) ०.००१ ते ०.००२ इंच मागे गेला की बास, डायची लॉकरिंग (ती जागेवर धरणारी कडी) आवळून टाक.

बुशिंगचं सोपंय, गोळी बसवलेल्या राउंडची मान कॅलिपरने मोजायची, माझी ०.३३६ इंच भरते म्हणून मी त्याहून थोडी लहान, ०.३३४ ची बुशिंग वापरतो, ब्रास बदललंस तर परत मोज. आणि ल्यूब (वंगण) विसरू नकोस रे, बोटाला पुसट लागेल एवढंच, केसच्या अंगाला, शोल्डरला नको, तिथे खळगे पडतात. कोरडी केस डायमध्ये अडकली की रिम (केसच्या बुडाची कडा) तुटते आणि अख्खी संध्याकाळ ती काढण्यात जाते. मायक्रोमीटरवाली महागडी डाय नंतर बघू, आधी चांगला कंपॅरेटर घे.