ऑफिस काढून पुन्हा टाकण्यापूर्वी सोसायटीच्या संगणकावरील कशाकशाचा बॅकअप घ्यावा?

आपण विचारले आहे की, मुंबईतील आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात वर्ड वारंवार आपोआप बंद पडते, संगणक दुरुस्त करणाऱ्याने मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला दिला आहे, आणि देखभाल शुल्काची बिले, सभांची इतिवृत्ते, सभासदांची नोंदवही व सगळा पत्रव्यवहार त्याच एका संगणकावर आहे. तेव्हा आधी काय जपून ठेवावे? शहरातील अशाच लहान कार्यालयांच्या संगणकांची देखभाल हा माझा व्यवसाय आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वांत आधी त्या गृहस्थांना एक गोष्ट स्पष्ट विचारा : फक्त ऑफिस काढणार आहात, की मशीनला फॉरमॅट मारणार आहात? बोलताना ही दोन्ही कामे ‘सॉफ्टवेअर नवीन टाकून देतो’ एवढ्याच वाक्यात उरकली जातात, परंतु त्यांचे परिणाम अगदी वेगळे आहेत. नुसते ऑफिस काढले, तर वर्ड आणि एक्सेलमध्ये तयार केलेल्या फाइल्सना धक्का लागत नाही, कारण त्या डिस्कवर स्वतंत्रपणे साठवलेल्या असतात. फॉरमॅट मारले, तर मात्र सी ड्राइव्हवरचे सर्व काही जाते, आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व डाउनलोड्स ही तिन्ही फोल्डर्स सहसा सी ड्राइव्हवरच असतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. उत्तर काहीही मिळो, तयारी फॉरमॅटचीच ठेवावी असे माझे मत आहे, कारण ऑफिस नीट निघत नाही किंवा नवीन बसत नाही म्हणून काम अर्ध्यावर आल्यावर फॉरमॅट करावे लागणे या व्यवसायात नेहमीचेच आहे.

‘सगळे डी ड्राइव्हवर ठेवले आहे’ हे उत्तरही पुरेसे नाही. बहुतेक संगणकांत डी ड्राइव्ह हा त्याच डिस्कचा दुसरा भाग असतो. फॉरमॅटमधून तो वाचेल, पण डिस्कच बिघडली तर दोन्ही भाग एकदम जातील. वर्ड वारंवार बंद पडण्यामागे कधीकधी बिघडत चाललेली डिस्कही असते, म्हणून बाहेरची वेगळी हार्ड डिस्क घ्यावी आणि त्यावर आजच्या तारखेचे फोल्डर करून फाइल्स त्यात कॉपी कराव्यात, कट करू नयेत. कट केल्याने मूळ जागा रिकामी होते आणि पुन्हा आपल्या हाती एकच प्रत राहते.

डेस्कटॉप कॉपी करताना ज्या चित्रांच्या डाव्या कोपऱ्यात छोटा बाण दिसतो, त्यांच्याकडे नीट पाहावे. ते शॉर्टकट असतात, म्हणजे फाइल कुठे आहे एवढा पत्ता त्यांत असतो, फाइल नसते. ‘बिले २०२५-२६’ नावाच्या अशा बाणाच्या फोल्डरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज पाहिल्यास आकार अवघा एक-दोन केबी निघतो आणि खरे फोल्डर कुठे आहे तेही तिथेच कळते. वनड्राइव्ह ही फाइल्स इंटरनेटवर साठवणारी मायक्रोसॉफ्टची सोय चालू असेल, तर ज्या फाइल्सपुढे निळ्या कडेचा ढग दिसतो त्या संगणकावर उतरलेल्याच नसतात. त्यांवर उजवी क्लिक करून कायम या संगणकावर ठेवण्याचा पर्याय निवडावा आणि हिरवी खूण आल्यावरच कॉपी करावी. वनड्राइव्हवर आहे म्हणून निर्धास्त राहू नये : ती दोन्हीकडे सारखेपणा राखणारी सोय आहे, त्यामुळे इकडे पुसलेले तिकडेही पुसले जाते, आणि वैयक्तिक खात्यात ते तिथल्या कचरापेटीत साधारण ३० दिवसच राहते.

इथपर्यंतचे काम बहुतेक जण करतात. मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या भागाची, कारण खरे नुकसान तिथे होते आणि ते लगेच दिसत नाही. वर्षानुवर्षे वापरताना आपण ऑफिसला पुष्कळ काही शिकवून ठेवलेले असते आणि ते आपल्या फाइल्समध्ये नव्हे, तर वापरकर्त्याच्या नावाखालील ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरात साठते.

याचे सोसायटीच्या कार्यालयातले सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बिलावरची अक्षरी रक्कम. एक्सेलमध्ये थायलंडच्या बाहतमधील रक्कम अक्षरांत लिहिणारे सूत्र तयार मिळते, पण रुपयांसाठी तसे सूत्र नाही. म्हणून ‘अक्षरी रुपये तीन हजार चारशे पन्नास फक्त’ हे छापण्यासाठी कुणीतरी कधीतरी मॅक्रो (एक्सेलकडून ठरावीक काम आपोआप करून घेणाऱ्या सूचना) किंवा ॲड-इन (ऑफिसला जोडलेला छोटा पूरक प्रोग्राम) बसवून दिलेले असते. तो मॅक्रो बिलाच्या फाइलमध्येच असेल तर प्रश्न नाही. परंतु तो पर्सनल नावाच्या वेगळ्या वर्कबुकात किंवा ॲड-इन्सच्या फोल्डरात असेल, तर फॉरमॅटनंतर बिलाची फाइल सुखरूप उघडते, आकडे बरोबर असतात, आणि अक्षरी रकमेच्या चौकटीत मात्र हॅशचे चिन्ह व ‘नेम’ हा शब्द येतो. ज्याने तो मॅक्रो लिहिला तो माणूस एव्हाना सापडत नसतो.

हे वाचवायला सोपे आहे. विंडोजचे बटण आणि आर हे अक्षर एकत्र दाबावे, उघडलेल्या चौकटीत टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ॲपडेटा हा शब्द इंग्रजीत लिहून एंटर दाबावे आणि समोर आलेल्या फोल्डरांतील मायक्रोसॉफ्ट हे फोल्डर संपूर्ण कॉपी करून घ्यावे. त्यात टेम्प्लेट्स म्हणजे कागदपत्रांचे तयार नमुने, एक्सेलचे सुरुवातीचे फोल्डर, ॲड-इन्स, आपोआप दुरुस्त होणाऱ्या शब्दांची यादी, शब्दकोशात आपण भर घातलेली आडनावे आणि आउटलुक या ईमेलच्या प्रोग्राममधील सह्या हे सगळे येते. नुसते ऑफिस काढल्यावर हे सहसा जागेवर राहते, पण ऑफिस मुळापासून काढणारे साधन वापरले किंवा विंडोजमध्ये नवीन वापरकर्ता तयार केला, तर त्याचा भरवसा नाही.

मराठी फाँटांचे तर मी आग्रहाने सांगेन. जुनी इतिवृत्ते श्रीलिपी, कृतिदेव किंवा सीडॅकच्या आयएसएममधील फाँटांत टाइप केलेली असतील, तर ती युनिकोड या सर्व संगणकांना समजणाऱ्या पद्धतीत नसतात. तो विशिष्ट फाँट नसला की सबंध ठराव निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. मजकूर गेलेला नसतो, फाँट परत बसवल्यावर तो पूर्ववत दिसतो, पण त्यासाठी फाँट हाताशी हवा. म्हणून विंडोजच्या फाँट्स फोल्डरातून हे जुने फाँट वेगळे काढून ठेवावेत, आणि महत्त्वाच्या ठरावांची पीडीएफ आताच, ऑफिस चालू आहे तोवर, करून घ्यावी. ज्या सॉफ्टवेअरला यूएसबीचे लॉक, म्हणजे ते जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही असे छोटे उपकरण, लागते, ते लॉक आणि त्याची सीडी कपाटात कुठे आहे हेही आधी पाहून घ्यावे.

बिले मेल मर्जने, म्हणजे यादीतील माहिती वर्डच्या नमुन्यात आपोआप भरणाऱ्या सोयीने, निघत असतील, तर एक्सेलची सभासद यादी ज्या जागी आहे तो पूर्ण पत्ता वहीत लिहून ठेवावा. वर्डमधील बिलाचा नमुना त्या पत्त्यावरूनच माहिती उचलतो. यादी नंतर दुसऱ्या फोल्डरात ठेवली, तर ती सापडत नाही असे वर्ड सांगते आणि कार्यालयात उगाच घबराट होते.

आउटलुक वापरत असाल, तर पीएसटी ही ईमेल साठवणारी फाइल शोधावी. ती बहुधा डॉक्युमेंट्समधील आउटलुक फाइल्स या फोल्डरात असते. पॉप पद्धतीने, म्हणजे पत्रे सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेणाऱ्या पद्धतीने, जोडलेल्या खात्यात जुनी पत्रे सर्व्हरवरून पुसली गेलेली असू शकतात, आणि मग ही फाइल हीच त्यांची एकमेव प्रत असते. आउटलुक पूर्ण बंद करूनच ती कॉपी करावी. इथे नेहमी एक अडचण येते : बाजारातले पुष्कळसे पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने तयार केलेले असतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, मग पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. रिकामा पेन ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केला की हा प्रश्न सुटतो.

परवान्याचेही आधीच पाहावे. वर्डमध्ये फाइल आणि मग अकाउंट इथे गेल्यास ऑफिस कोणत्या ईमेलशी जोडले आहे ते दिसते. ते खाते माजी सचिवांचे खासगी खाते असेल, तर त्यांना आताच फोन करावा. ऑफिस २०१३ पासून पुढे संगणकावर २५ अक्षरांच्या की (परवान्याचा संकेतांक) यापैकी शेवटची पाचच अक्षरे मिळतात, तेव्हा मूळ कार्ड किंवा खरेदीची पावती शोधावी. ऑफिस २०१६ किंवा २०१९ असेल, तर कंपनीने त्यांची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली आहेत, त्यामुळे तेच पुन्हा टाकायचे की नवे घ्यायचे, हे समितीने आधी ठरवलेले बरे.

कॉपी पूर्ण झाल्यावर दोन्ही फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइल्सची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहावा आणि नंतर ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून आय नमुन्यातील सभासद नोंदवही, एखादे जुने इतिवृत्त आणि मागच्या महिन्याची बिले प्रत्यक्ष उघडावीत. उघडून पाहिल्याशिवाय मी कोणत्याही बॅकअपला बॅकअप मानत नाही. दुसरी प्रत एखाद्या पदाधिकाऱ्याच्या घरी, वरच्या मजल्यावर ठेवावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या कार्यालयांचे काय झाले हे मुंबईत कुणाला सांगायला नको.

हे सगळे झाल्यावरही लगेच ऑफिस काढू नका. कंट्रोल की दाबून धरून वर्ड सुरू केल्यास ते सेफ मोडमध्ये, म्हणजे ॲड-इन वगैरे जोडण्या न वापरता, उघडायचे का, असे विचारते. तसे उघडल्यावर ते नीट चालले, तर दोष बहुधा एखाद्या ॲड-इनमध्ये किंवा नॉर्मल या मूळ टेम्प्लेटमध्ये असतो. वर्ड बंद करून त्या टेम्प्लेटचे नाव बदलावे. वर्ड स्वतः नवीन तयार करते. तेवढ्याने भागले नाही, तर कंट्रोल पॅनेलमधून ऑफिसची आधी झटपट दुरुस्ती आणि मग इंटरनेटवरून होणारी पूर्ण दुरुस्ती करून पाहावी.

शेवटी ऑफिस नव्याने टाकावेच लागले, तर जपून ठेवलेले मायक्रोसॉफ्ट फोल्डर जसेच्या तसे परत ओतू नये, कारण बिघडलेले नॉर्मल टेम्प्लेट त्यातच असेल तर वर्ड पुन्हा बंद पडू लागेल. मॅक्रोचे वर्कबुक, शब्दांची यादी, सह्या अशी एकेक गोष्ट परत ठेवावी आणि प्रत्येक वेळी वर्ड व एक्सेल उघडून पाहावे. एका महिन्याची बिले अक्षरी रकमेसह छापून निघेपर्यंत बाहेरच्या डिस्कवरचे काहीही पुसू नये.