बीएच्या शेवटच्या वर्षाचे पेपर पुन्हा देऊन टक्केवारी वाढवावी का?

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. दिग्रस तालुक्यातलं गाव, या उन्हाळी परीक्षेत बीए पूर्ण झालं. पहिल्या वर्षाला ४४ टक्के, दुसऱ्याला ४६, शेवटच्याला ५२, म्हणजे सरासरी ४७.३३. बीएड करून शिक्षिका व्हायचंय आणि तिथे ५० टक्के मागतात. तेव्हा शेवटच्या वर्षाचे पेपर श्रेणीसुधारासाठी पुन्हा द्यावेत का, आणि घरचे "पास झालीस ना, आता कशाला" म्हणतात त्यांना काय सांगावं.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात परीक्षा विभागाचं काम बघतो. आपलं विद्यापीठ एकच, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. श्रेणीसुधाराचा अर्ज घेऊन येणाऱ्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी एकच विचारतो: हे टक्के नेमके कोण मागतंय? त्याचं उत्तर कागदावर दाखवता आलं तरच अर्जाला हात लावायचा. तुमच्या बाबतीत ते उत्तर आहे, बीएडचा प्रवेश. मग तो नियमच आधी नीट वाचू.

राज्य सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत बीएडसाठी ५० टक्क्यांची अट खुल्या प्रवर्गाला आहे. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय उमेदवारांना ४५ टक्के पुरतात. तुम्ही प्रश्नात प्रवर्ग लिहिलेला नाही. आपल्या भागात कुणबी, माळी, तेली, बंजारा घरांतल्या कितीतरी मुली माझ्याकडे "५० नाहीत म्हणून बीएड गेलं" असं म्हणत येतात, आणि त्या ४६-४७ वर आधीच पात्र असतात. तुम्ही मागास प्रवर्गात येत असाल तर एकही पेपर पुन्हा द्यायची गरज नाही. तुमची खरी धावपळ कागदांची आहे: जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेयर. वैधतेला वेळ लागतो, आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला किंवा जुनी महसुली नोंद शोधावी लागते, म्हणून ते काम आजच सुरू करा. अनुसूचित जमातीची समिती वेगळी असते, हेही लक्षात असू द्या.

तुम्ही खुल्या प्रवर्गातल्या असाल असं धरून आता पुढचं लिहितो.

नियमात आणखी एक गोष्ट आहे, जी फार थोडे वाचतात. ५० टक्के पदवीला किंवा पदव्युत्तर पदवीला, दोन्हींपैकी कुठेही चालतात. म्हणजे बीएला ४७ असून एमएला ५० च्या वर गेलात तरी बीएडचं दार उघडतं. त्यामुळे तुमच्यासमोर दोन वाटा आहेत: शेवटचं वर्ष पुन्हा देणं, किंवा एमए करणं. त्यांत निवड करायची तर हिशेब मांडावा लागेल.

तीन वर्षांचं वजन सारखं धरू. सरासरी ५० यायची तर तिन्ही वर्षांची बेरीज १५० हवी. पहिल्या दोन वर्षांचे ४४ आणि ४६ मिळून ९० झाले, ते जागचे हलणार नाहीत. म्हणजे शेवटच्या वर्षाला एकटीला ६० आणावे लागतील. ५२ वरून ६०. तुमचं नुकसान झालं पहिल्या-दुसऱ्या वर्षात, आणि भरपाई मात्र सगळी तिसऱ्या वर्षातून करायची आहे, म्हणून सरासरीत पावणेतीन टक्के वाढवायला शेवटच्या वर्षात आठ वाढवावे लागतात. ५८ पर्यंत गेलात तर सरासरी ४९.३३ येईल आणि सगळी मेहनत करूनही दार बंदच राहील. हे मी भीती घालायला सांगत नाही. अर्ज भरण्याआधी हा आकडा डोळ्यांसमोर असावा म्हणून सांगतो.

त्यात आणखी एक मेख आहे. अंतर्गत गुण बहुतेक वेळा जुनेच कायम राहतात, फक्त लेखी पेपर पुन्हा होतो. समजा पेपर ८० चा, अंतर्गत २० चे, आणि तुम्हाला अंतर्गत १६ आहेत. मग ५२ येण्यासाठी लेखीत ३६ होते, ६० साठी ४४ हवेत. प्रत्येक पेपरमध्ये सरासरी आठ गुण जास्त. पेपर नीट सोडवला तर हे अशक्य मुळीच नाही. पण काठावर राहू नका, ६४-६५ धरून तयारी करा.

मार्कशीटवर टक्क्यांऐवजी सीजीपीए, म्हणजे सगळ्या विषयांच्या ग्रेड पॉइंटची सरासरी असेल तर हिशेब थोडा बदलतो. श्रेणीचे पट्टे असतात, एका पट्ट्यात खालचा आणि वरचा गुण सारखाच मोजला जातो. त्यामुळे पुढच्या पट्ट्याला एकदोन गुणांनी हुकलेले पेपर आधी शोधा, तिथे थोड्या मेहनतीत पूर्ण ग्रेड पॉइंट वाढतो. आणि सीजीपीएचे टक्के विद्यापीठाच्या स्वतःच्या सूत्रानेच काढा. मोबाईलवर दहाने गुणून आलेला आकडा प्रवेशाच्या वेळी कुणी धरत नाही.

आता विद्यापीठाचा नियम. महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात जाऊन श्रेणीसुधाराचा अध्यादेश दाखवा म्हणा, तोंडी उत्तरावर परत येऊ नका. त्यात काय बघायचं ते सांगतो. पास झाल्यापासून किती काळात आणि किती वेळा बसता येतं. सगळे पेपर द्यावे लागतात की निवडक चालतात. गुण कमी पडले तर जुना निकाल कायम राहतो का. जुनी मार्कशीट आणि पदवी जमा करावी लागते का. लागत असेल तर आधी साक्षांकित प्रती काढून ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पुढच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यावर हा हक्क उरतो का. बऱ्याच विद्यापीठांत तो उरत नाही. एमएला नाव घातलं की बीएची श्रेणी सुधारता येत नाही. म्हणून "दोन्ही एकदम करते" असं ठरवण्याआधी ते कलम स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

अभ्यासक्रमाचीही घाई आहे. आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला लागला. ती तुकडी २०२६-२७ मध्ये तिसऱ्या वर्षाला येते. तुम्ही जुन्या अभ्यासक्रमाच्या. जुन्या पेपरांच्या परीक्षा नंतर ठरावीक वेळाच घेतल्या जातात, मग त्या बंद होतात. "दोन-तीन वर्षांनी बघू" ही सोय तुम्हाला नाही.

निकाल नुकताच लागला असेल तर त्याआधी एक सोपं काम करा. एखाद्या पेपरला अपेक्षेपेक्षा फारच कमी गुण असतील तर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवा आणि शिक्षकांना दाखवून पुनर्मूल्यांकनाचं ठरवा. त्याची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते. त्यातून २.६७ टक्के भरून निघतील अशी आशा ठेवू नका, पण त्या प्रतीचा दुसरा उपयोग मोठा आहे: आपण नेमके कुठे गुण घालवले ते दिसतं.

मी अशा प्रती खूप पाहिल्या आहेत. आपल्याकडच्या मुलांना येत नाही म्हणून गुण जातात असं फारसं दिसत नाही. दीर्घोत्तरी प्रश्न दीड पानात आटोपलेला असतो, शेवटचा प्रश्न कोरा किंवा चार ओळींचा, उपप्रश्नांचे क्रमांक चुकलेले, आणि सक्तीच्या इंग्रजीत व्याकरणाचे हमखास मिळणारे गुण सोडून दिलेले. वर्षभर लिहिण्याचा सरावच नसतो, तीन तास हात चालत नाही. तुम्हाला पेपरमागे आठ गुण हवेत ना, ते इथे आहेत. मागच्या चार-पाच परीक्षांच्या प्रश्नपत्रिका जमवा, हिवाळी आणि उन्हाळी दोन्ही. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र यांत प्रश्न फिरून फिरून त्याच घटकांवर येतात. गाईडमधलं पाठ करण्याऐवजी घड्याळ लावून पूर्ण पेपर लिहा, आठवड्याला निदान दोन, आणि ते कुणा प्राध्यापकाकडून तपासून घ्या. पास झालेली मुलगी पुन्हा अभ्यासाला आली म्हटलं की बहुतेक सर-मॅडम आनंदाने वेळ देतात.

वेळेचं गणित मात्र चुकवू नका. बीएडची सीईटी साधारण मार्च-एप्रिलमध्ये असते, प्रवेशफेऱ्या त्यानंतर. कागदपत्रं तपासताना सुधारित मार्कशीट हातात नसेल तर ते वर्ष गेलं. म्हणून पाचव्या सत्राचे पेपर हिवाळी परीक्षेत आणि सहाव्याचे उन्हाळीत असे विभागले जात असतील, तर उन्हाळीचा निकाल कधी लागेल याचा अंदाज मागच्या वर्षांच्या तारखा बघून घ्या. दरम्यान सीईटीची तयारी थांबवायची नाही, कारण बीएडचा प्रवेश सीईटीच्या गुणांवर होतो. पदवीचे टक्के फक्त उंबरठा ओलांडायला लागतात. ५० झाले की ५० आणि ५८ मध्ये तिथे फारसा फरक उरत नाही.

मग माझं मत काय? तुमचे शेवटच्या वर्षाचे ५२ बघता, घरून रोज चार-पाच तास मिळणार असतील तर शेवटचं वर्ष एकदा पुन्हा द्या. एकदाच. त्यात ५० झाले नाहीत तर मागे न बघता एमएला प्रवेश घ्या. आणि ते तास मिळणारच नाहीत असं आत्ताच दिसत असेल, तर श्रेणीसुधाराच्या नादी न लागता सरळ एमए करा. तालुक्याच्या महाविद्यालयात नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून होतं. त्यात दोन वर्षं जातात, पण ५५ टक्के घेतलेत तर नेट-सेटचीही, म्हणजे प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षांची वाट खुली होते. तिथे नेटसाठी ५५ म्हणजे पूर्ण ५५, वर ढकलून धरत नाहीत.

घरच्यांचं. हे मी जास्त लिहितो, कारण माझ्यासमोर अर्ज अर्धवट राहतात ते नियमांमुळे कमी, घरामुळे जास्त. कॉलेज सुरू असतं तोवर मुलीला रोज एसटीने तालुक्याला जायचं कारण असतं. निकाल लागला की ते कारण संपतं आणि तिचा सगळा वेळ घराचा होतो. सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, आणि हिवाळी परीक्षा नेमकी त्याच दिवसांत. मजूर मिळत नाहीत, भाव पडलेला, अशा वेळी वावरात एक हात कमी पडणं बापाला खरंच परवडत नाही. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. म्हणून त्यांना "मला शिकायचंय" एवढंच सांगू नका, ते त्यांनी ऐकलेलं असतं. हा हिशेब दाखवा. ४७.३३, ५०, आठ गुण, एक वर्ष, एवढे पैसे अर्जाचे, एवढे प्रवासाचे. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेही धरा. वर्षभराची शेवट असलेली गोष्ट घरचे मान्य करतात, असा माझा अनुभव आहे. किती दिवस चालणार ते माहीत नसलेल्या अभ्यासाला ते भितात, त्यात स्थळं येत असली की आणखीच.

आणि कामाचे दिवस आधीच वाटून घ्या: वेचणीला सकाळी जाईन, दुपारनंतर अभ्यास, परीक्षेआधीचे पंधरा दिवस वावरात येणार नाही. गावात किंवा तालुक्याला अभ्यासिका असेल तर तिथे नाव घाला. घरात पुस्तक उघडून बसलेल्या मुलीला सगळे हाक मारतात.

हे उत्तर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन शब्द. राज्यसेवा, यूपीएससी, तलाठी, यांना नुसती पदवी पुरते, टक्क्यांची अट नाही. तिथे जायचं असेल तर ४७ चे ५२ करण्यात वर्ष घालवू नका, ते वर्ष त्या परीक्षेच्या अभ्यासाला द्या. नातेवाईक "किती टक्के पडले" विचारतात म्हणून तर मुळीच नको. आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या ज्यांनी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ होण्याआधी पदवी घेतली, त्यांची श्रेणीसुधाराची चौकशी नागपूर विद्यापीठात होईल.

ताई, प्रवर्ग आणि शेवटच्या दोन सत्रांचे पेपरवार गुण, लेखी आणि अंतर्गत वेगवेगळे, खाली लिहा. कुठल्या पेपरमध्ये किती वाढायला जागा आहे ते मी बसून मांडून देतो.