सावजीची 'करी' आणि तिच्यावरची तर्री

प्रश्न असा आहे: नागपुरात हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर 'सावजी चिकन करी' लिहिलेलं असतं (सावजी म्हणजे इथली झणझणीत स्वयंपाकाची पद्धत). घरी मात्र आपण रस्सा म्हणतो, तर्री म्हणतो. मग करी म्हणजेच तर्री का? आणि हा शब्द आपल्या कढीवरून इंग्रजीत गेला का?

दोन्हींचं उत्तर 'नाही'.

आधी तर्री. तर्री म्हणजे अख्खा रस्सा नव्हे. रश्शावर जमणारं लालभडक तेल ती तर्री. ठेल्यावर कुणी "भाऊ, तर्री जरा जास्त" म्हटलं की पोहेवाला पातेलं ढवळत बसत नाही. पळी वरच्या वर फिरवतो, लाल थर उचलतो, पोह्यांवर ओततो आणि वरून सांबार भुरभुरतो. (बाहेरगावच्यांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडली शोधू नका.) 'तर्री पोहे' म्हणताना मात्र हरभऱ्यासकट सगळा रस्साच तर्री होतो. माझ्या मते त्यात चूक काही नाही, शब्द असेच पसरतात.

घरी तर्री आणायची तर घाई चालत नाही. खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, धणे यांचं भाजून केलेलं वाटण मंद आचेवर कडेनं तेल सुटेस्तोवर परतायचं, मग तिखट घालायचं आणि लगेच गरम पाणी. मिरचीचा लाल रंग पाण्यापेक्षा तेलात उतरतो. तेल हलकं, त्यामुळे आच कमी केली की ते रंग घेऊन वर येतं. तेलात हात आखडला तर रस्सा चवीला होईल, पण तर्री येणार नाही.

शब्दाचं मूळ फारसी 'तर', म्हणजे ओला. तरबतर मधला तोच. त्यावरून 'तरी', म्हणजे ओलावा. हिंदी-उर्दूत तरी म्हणजे रस्सा. नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी इथं शेजारीण नाही, घरातलीच. तेव्हा हा शब्द इथं रुळला यात नवल नाही. शुद्ध मराठीत 'तवंग' आहेच, पण तवंग म्हटल्यावर कुणाला भूक लागत नाही.

आता करी. कोशकार तिचं मूळ तमिळ 'कऱि'कडे नेतात. तिथून पोर्तुगीजांनी 'कारिल' केलं आणि इंग्रजांनी करी. 1747 मध्ये लंडनला छापलेल्या हॅना ग्लास यांच्या पाकपुस्तकात 'इंडियन पद्धतीची करी' आहे: कोंबडी किंवा ससा, कांदे, मिरे, तांदूळ, आणि धणे स्वच्छ फावड्यावर भाजून घ्यायचे! मिरचीचा पत्ता नाही. सावजीवाल्यानं हे वाचलं तर हसून पुरे होईल. कढीचं घराणं वेगळं, ती संस्कृत 'क्वथ्' वरून आलेल्या 'कढणे'ची लेक आणि काढ्याची बहीण. उच्चार जवळचा म्हणून नातं जुळत नाही.

करीची मराठीत आणखी एक पंचाईत आहे. "करीत मीठ कमी आहे" असं लिहून बघा, डोळा आधी 'करत' या अर्थाच्या 'करीत'वर अडखळतो. त्यात आपल्याकडे पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. करीच्या दिवशी मटण शिजतं, त्यामुळे 'करीचं मटण' म्हटलं की जुन्या नागपूरकराला ताटाआधी पोळा आणि मारबत (त्या दिवशी मिरवणुकीनं नेऊन जाळतात तो पुतळा) आठवते.

तेव्हा कार्ड छापायचं असेल तर 'सावजी चिकन रस्सा' लिहा. आणि सामान्यरूप करताना पैसा-पैशात, घसा-घशात तसं रस्सा-रश्शात. 'रश्श्यात' मधला य जादाचा आहे.