लेस्टरच्या किचनमध्ये हॉब आणि ओव्हनची वायरिंग

राम राम भाऊ,

तुमचे दोन प्रश्न. इंग्लंडमध्ये लेस्टरला घेतलेल्या घरात गॅस काढून इंडक्शन हॉब (म्हणजे ओट्यात बसवायची विजेची शेगडी) आणि ओव्हन बसवायचा आहे, तर दोन्ही एकाच वायरवर चालतील का? आणि तुम्ही दीपनगरच्या वीज केंद्रात काम केलेलं, मग वायरिंग स्वतःच केली तर?

पहिल्याचं उत्तर हो, बहुतेक चालतील. समजा हॉब ७.२ किलोवॅटचा आणि ओव्हन ३ किलोवॅटचा. २३० व्होल्टला हे ४४ अँपिअर होतात. इथे हॉब-ओव्हनला मिळून ‘कुकर’ म्हणतात आणि त्या कुकरचं सर्किट असतं ३२ चं. आपल्याकडचा वायरमन लगेच मान हलवेल. पण इथे घरगुती कुकरचा हिशेब वेगळा धरतात: पहिले १० अँपिअर पूर्ण, उरलेल्याचे ३० टक्के, आणि कुकरच्या स्विचवर सॉकेट असेल तर वर ५. म्हणजे सॉकेटसकट साधारण २५. चारही चुली आणि ओव्हन एकदम पूर्ण ताकदीवर फार वेळ राहत नाहीत, थर्मोस्टॅट मधून मधून बंद करतो, त्यावर हा हिशेब उभा आहे. तरी हॉब निवडला की त्याच्यासोबतचा कागद इलेक्ट्रिशियनला दाखवा. काही कंपन्या स्वतंत्र सर्किटच मागतात.

केबल सहसा ६ स्क्वेअर एमएमची पुरते, पण ती कुठून जाते हे बघा. उघड्या भिंतीवर क्लिप मारून नेली तर ती ४७ अँपिअर झेलते. घर उबदार राहावं म्हणून इन्सुलेशन भरलेल्या भिंतीत पाइपातून नेली तर ३२ वरच येते. जुन्या घरांना आतून इन्सुलेशन लावायची इथे पद्धत आहे, तेव्हा शंका असेल तर १० ची टाका. टाइल्स लागल्यावर केबल बदलायची म्हणजे सगळं पुन्हा फोडणं. म्हणून कपाटांची ऑर्डर देण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलवा. किचन बसवणारे लोक “ते नंतर बघू” म्हणतात, ऐकू नका. स्विच हॉब-ओव्हनपासून दोन मीटरच्या आत हवा, पण हॉबच्या डोक्यावर नको. पेटलं तर ज्वाळेवरून हात घालून बंद करायची वेळ येऊ नये.

दुकानात साध्या प्लगवर चालणारे हॉबही दिसतील. इथल्या प्लगमध्ये १३ अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे सगळ्या चुलींत मिळून ३ किलोवॅट. चार माणसांच्या स्वयंपाकाला ते रडतं. ओव्हन मात्र प्लगवाला मिळाला तर घ्या, हॉबला सर्किट मोकळं राहतं.

आता तुमचं स्वतः करणं. विजेतलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, यात वादच नाही. पण इंग्लंडमध्ये २००५ पासून घरातल्या वायरिंगला बांधकाम नियमांतला ‘पार्ट पी’ लागू आहे आणि नवीन सर्किट टाकलं की ते कळवावंच लागतं. स्वतः करायचं तर काम सुरू करण्याआधी बिल्डिंग कंट्रोलकडे, म्हणजे बांधकाम तपासणाऱ्यांकडे, फी भरून अर्ज करायचा. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनने केलं तर तोच कळवतो आणि सर्टिफिकेट देतो. ते जपून ठेवा, घर विकताना वकील मागतात. गॅस बंद करायला तर ‘गॅस सेफ’ या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेलाच माणूस लागतो, तिथे हात घालूच नका.

वहिनींना सांगा, हिंडालियमचे प्रेशर कुकर आणू नका. तळाला लोहचुंबक चिकटला तेवढंच भांडं इंडक्शनवर चालतं. बिडाचा तवा उत्तम चालतो. खापर चालणार नाही, त्यामुळे मांडे भुसावळलाच खाऊन या. भरताची वांगी ओव्हनच्या ग्रिलखाली भाजतात, आधी टोचून घ्यायची. आणि किचनमध्ये धुराचा नाही, उष्णतेचा अलार्म लावायला सांगा. नाहीतर काळ्या मसाल्याच्या मिरच्या भाजायला घेतल्या की घर बोंबलायला लागेल.