वाचकांचे प्रश्न : समुद्रतळाच्या दगडाचे रसायनशास्त्र

प्रश्न : मी इंदूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात असून रसायनशास्त्र आणि भूविज्ञान हे माझे विषय आहेत. महासागरांच्या तळाशी असलेल्या पर्वतरांगा आणि तिथले ज्वालामुखी यांचा भू-रासायनिक अभ्यास करावा, असे मनात आहे. माझे काका मात्र म्हणतात, की जिने समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला आणि तोही जुहूच्या चौपाटीवर, तिने हा नाद करू नये. या क्षेत्रात काम नेमके कोणते असते? — एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : काकांसारखा समज पुष्कळांचा असतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. भू-रसायनतज्ज्ञ समुद्रावर फार थोडे दिवस असतो. संशोधन जहाजावरची मोहीम साधारण महिना-दीड महिना चालते आणि तीही दरवर्षी वाट्याला येत नाही. तिथून आणलेल्या दगडांवर मग दोन-तीन वर्षे प्रयोगशाळेत मान मोडून काम करावे लागते. ज्याला लाटांची ओढ आहे पण तराजूचा कंटाळा आहे, त्याने खुशाल नौदलाचा विचार करावा.

महासागरांच्या तळावरून सुमारे 65,000 किलोमीटर लांबीची पर्वतरांग पृथ्वीला वेढून गेली आहे. तिच्या दोन्ही बाजूंचे भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचे प्रचंड तुकडे, एकमेकांपासून दूर सरकतात, त्या फटीकडे खालचे प्रावरण, म्हणजे कवचाखालचा खडकाचा जाड थर, वर येते आणि वर येताना त्याच्यावरचा दाब घटत गेल्यामुळे, तापमान न वाढताही, ते अंशतः वितळते. हा शिलारस तळावर येऊन थिजला, की नवा बेसाल्ट खडक तयार होतो. पृथ्वीवरच्या ज्वालामुखीक्रियेचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा असा पाण्याखाली, कोणाच्या दृष्टीस न पडता चालतो.

हा दगड वर येतो तो बहुधा साखळ्यांच्या जड जाळीतून. जहाजावरून तारेने ती तळापर्यंत सोडतात आणि डोंगरउतारावरून फरफटत नेतात. ताज्या तुकड्याच्या बाहेरच्या अंगाला जेमतेम सेंटिमीटरभर जाडीची काळी, चकचकीत काच असते. सुमारे 1,200 अंश सेल्सिअस तापमानाचा लाव्हा थंडगार पाण्यात शिरताच बाहेरच्या थराला स्फटिक बनवायला सवडच मिळत नाही आणि तो आहे तसा गोठतो. आम्हांला हवी असते ती हीच काच, कारण मूळ द्रवाची घडण तिच्यात जशीच्या तशी टिकलेली असते. ती फोडून, सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने कणीएवढे स्वच्छ तुकडे एकेक करून वेचायचे. घरात आजी तांदूळ निवडत बसते तशीच ही बैठक असते. पुढे हे कण हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवून त्यांतली मूलद्रव्ये आणि समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजतात. मापे इतकी सूक्ष्म असतात, की मी उमेदवारीच्या काळात बारा नमुन्यांचे शिशाचे आकडे सरळ फेकून दिले होते. शेजारच्या खोलीत खिडकीचा जुना, शिसे असलेला रंग खरवडणे चालू होते, एवढेच कारण त्याला पुरले.

आकड्यांतून काय निघते, याचे एकच उदाहरण देतो. प्रावरण वितळू लागले, की सोडियम आधी द्रवात उतरते. थोडेच वितळले तर त्या थोड्या द्रवात सोडियम दाट राहते आणि जास्त वितळले तर ते विरळ होते. चिमूटभर मीठ वाटीभर आमटीत घालणे आणि पातेलेभर आमटीत घालणे, यांतला हा फरक आहे. आता प्रावरण जिथे अधिक तापलेले, तिथे शिलारस अधिक, कवच जाड आणि म्हणून पर्वतरांगही उंच. एमिली क्लाइन आणि चार्ल्स लँगम्युअर यांनी 1987 मध्ये जगभरच्या नमुन्यांवरून दाखवून दिले, की शिलारस थंड होताना झालेले बदल हिशेबातून वजा केले, तर उंच, म्हणजे उथळ पाण्यातल्या रांगांच्या बेसाल्टमध्ये सोडियम कमी आणि खोल रांगांच्या बेसाल्टमध्ये जास्त भरते. नखाएवढ्या काचेवरून कित्येक किलोमीटर खालच्या प्रावरणाच्या उष्णतेचा अंदाज बांधता येतो, या गोष्टीचे मला आजही अप्रूप वाटते. आपल्या हिंदी महासागराच्या बेसाल्टमधील शिशाची समस्थानिके तर अटलांटिक आणि प्रशांत महासागरांपेक्षा वेगळीच निघतात आणि त्याच्या कारणांवर अजून वाद चालू आहे. तुमच्या पिढीला तिथे भरपूर काम आहे.

तेव्हा रसायनशास्त्र सोडू नका. पदवीनंतर जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन मुंबई किंवा रुरकीच्या आयआयटीत जाता येईल. मध्य प्रदेशातल्याच सागर शहरातील विद्यापीठाचा उपयोजित भूविज्ञान विभागही जुना आणि नावाजलेला आहे.

प्रश्न : मुलीने ही वाट धरली, तर पोटापाण्याचे काय? — एक पालक, इंदूर

उत्तर : जागा मोजक्या आहेत, हे आधी मान्य करतो. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये मिळतात. हा दर 2023 पासूनचा आहे. पीएच.डी.नंतर विद्यापीठे आहेत, तसेच गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. समुद्रतळाच्या पर्वतरांगांवर उष्ण पाण्याच्या झऱ्यांभोवती तांबे-जस्ताची सल्फाइडे साचतात. हिंदी महासागरात त्यांचा शोध घेण्यासाठी भारताने 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी 15 वर्षांचा करार केला, त्यामुळे या विषयाच्या माणसांची गरज राहील. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात एम.एस्सी.नंतरच केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून प्रवेश होतो. घरची घाई असेल तर ती वाट बरी. शिवाय वस्तुमान वर्णपटमापी, म्हणजे समस्थानिके मोजण्याचे यंत्र, चालवता येणारा माणूस पाण्याच्या किंवा खनिजांच्या तपासणीच्या प्रयोगशाळेतही चालतो.

प्रश्न : आमच्या घराच्या पायऱ्यांचा काळा दगड बेसाल्टच आहे, असे ऐकले. तो समुद्रातूनच आलेला आहे का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही. माळव्याचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्ह्याचा आहे. तो ज्या तप्तस्थळातून, म्हणजे खालून सतत उष्ण प्रावरण वर येणाऱ्या जागेतून, आला असे मानतात, ते आज रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही अधूनमधून उफाळतो. दोन्ही दगडांतला फरक साध्या भिंगाने पाहता येईल. पावसाळा सरल्यावर इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याला गेलात, तर काही थरांत मोहरीपासून बोरापर्यंतच्या आकाराची भोके दिसतील. ती लाव्ह्यातून सुटू पाहणाऱ्या वायूचे बुडबुडे होत आणि त्यांतली कित्येक पुढे पांढऱ्या खनिजांनी भरून गेली आहेत. तीन किलोमीटर पाण्याखाली मात्र हवेच्या दाबाच्या सुमारे 300 पट दाब असतो, वायू सहसा फुगू शकत नाही आणि तिथला दगड भिंगाखाली बहुधा सलग, घट्ट दिसतो.